आम्ही मागून पाहिलेला सिनेमा

मला सिनेमाचा नाद होता. नातवंडं म्हणतात, आजीला सिनेमाची आवड होती. ते खरं नाही. आवड माणसाला वरणाची असते. मी सिनेमासाठी खोटं बोलले आहे, अंगात ताप असून कपाळाला बाम चोळून गेले आहे, आणि एकदा चुलीवर तुरीची डाळ तशीच सोडून गेले. ती जळून गंजाच्या बुडाला चिकटली, आणि मायनं तो गंज मला आठ दिवस राखेनं घासायला लावला. तरी मला पश्चात्ताप झाला नाही. त्या दिवशीचा सिनेमा चांगला होता.

सिंदीला आमचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि न्हाणी. घरात माणसं चार: बाबा, माय, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा भाऊ, आणि मी. मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शिकवायचं नव्हतं असं नाही, पण पुढची शाळा मुलांची होती आणि तिथं मला पाठवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दुकानासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी आणि एक बॅटरीवरचा रेडिओ. त्या रेडिओवर समुद्रापलीकडचं कुठलं तरी स्टेशन लागायचं आणि सकाळपासून गाणी सुरू व्हायची. मी तांदूळ निवडताना, भांडी घासताना, मायच्या डोक्याला तेल लावताना ती गाणी ऐकायची. अर्ध्या ओळी खरखरीत जायच्या. त्या मी माझ्या मनानं भरून काढायची. पुष्कळ वर्षांनी तीच गाणी नीट ऐकली तेव्हा कळलं की माझ्या ओळी वेगळ्याच होत्या, आणि काही ठिकाणी माझ्याच बऱ्या होत्या.

हॉटेलात बायका जात नसत. जाऊ नये असा फलक नव्हता, पण जात नसत. बाजाराच्या दिवशी बाबा आलूबोंडे घेऊन यायचे, कागदाला तेलाचे डाग पडलेले, सोबत तळलेल्या मिरच्या. माय म्हणायची, "दुसऱ्याच्या हातचं तेल माया पोटात उतरत नाई," आणि पहिला बोंडा तीच उचलायची. मला वाटायचं, तोच बोंडा तिथं बाकावर बसून, रेडिओखाली, गरम गरम खाल्ला तर कसा लागत असेल. भाऊ रोज तिथं बसायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, "बोंड्यासारखा लागते."

कापसाच्या गाड्या यायला लागल्या की टॉकीज यायची. जिनिंगच्या कारखान्यामागं मोकळ्या जागेत कनात उभी राहायची, मधोमध दोन बल्ल्यांवर पांढरा पडदा ताणायचे. पडद्याच्या एका बाजूला सिनेमाचं मशीन आणि सगळे पुरुष. दुसऱ्या बाजूला आम्ही बायका, कडेवरची पोरं आणि म्हाताऱ्या. खेळाच्या आधी एक माणूस बादली घेऊन पडद्यावर पाणी मारायचा, म्हणजे चित्र ओल्या कापडातून आरपार आमच्या बाजूला उतरायचं. पुढं बसणाऱ्यांच्या अंगावर थेंब उडायचे. बायकांना वेगळं दार, वेगळी बाजू, कोणाची नजर नाही. गावाला ही सोय फार पसंत होती, आणि आम्हालाही. मुख्य म्हणजे भोंगे पडद्यामागं, म्हणजे आमच्याकडं ठेवलेले असत. गाणी आधी आमच्या अंगावर यायची आणि मग पुरुषांकडं जायची. मी भोंग्याच्या इतकी जवळ बसायची की ढोलक वाजला तर छातीत वाजायचा.

सिनेमातल्या लोकांच्या काही गोष्टी मला चमत्कारिक वाटायच्या. ते डाव्या हातानं जेवत. देवाला फूलसुद्धा डाव्या हातानं वाहत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकांत कुजबूज झाली. माय म्हणाली, "मोठ्या शहरातले लोक हायत, त्याहिले चालते." तेव्हापासून चाललं. दुसरी गोष्ट अक्षरांची. खेळ सुरू होताना नावं यायची, ती मला वाचता येत नव्हती. वळण ओळखीचं वाटायचं, पण अक्षर हाती लागायचं नाही. मी समजूत करून घेतली की ही पुढच्या इयत्तेतली अक्षरं असतील. मी कोणाला विचारलं नाही. चौथी पास झालेली मुलगी मायच्या देखत वाचता येत नाही असं कशाला म्हणेल?

माझ्या चौदाव्या वर्षीच्या हंगामात एक सिनेमा आला, त्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, तो असा नव्हताच. त्यातली बाई गरीब घरची होती आणि तिच्या नाकात एक चमकी होती. दुसरा दागिना अंगावर नाही. ती गाताना मान वळवायची आणि चमकी लकाकायची. मी तो सिनेमा सहा वेळा पाहिला, माय माझ्यासोबत सहाही वेळा आली. मायला तर मी नाद लावला होता असं बाबा म्हणायचे. खरं म्हणजे तिला नाद आधीपासून होता, टॉकीज नंतर आली.

आमच्यात मुलीचं नाक लग्न ठरायच्या आधी टोचायचे. माझं चौदावं सरलं होतं, म्हणून मायनं सोनाराला घरी बोलावलं. सोनार म्हातारा, बाबांच्या ओळखीचा. त्यानं सुई काढली, हळद मागितली आणि माझी मान आपल्याकडं वळवली. मी म्हटलं, "उजवीकडं टोचा."

सोनार मायकडं पाहत राहिला. "डावीकडं टोचतेत बाई. तुमचंबी डावीकडंच हाये."

"आमचं जुनं झालं," माय म्हणाली. "सिनेमातल्या त्या बाईचं उजवीकडं हाये. पोरीले तसंच पाहिजे."

"मीबी पाह्यला तो सिनेमा. मले तर डावीकडं दिसली."

"तुमचं लक्ष तिच्या नाकाकडं कुठं होतं?" माय म्हणाली. "आमी साहा वेळा पाह्यला."

सोनारानं उजवीकडं सुई घातली. नाक पिकलं. महिनाभर पू येत होता, कडुनिंबाच्या पाण्यानं धुवावं लागे, आणि कूस बदलली की डोळ्यातून पाणी यायचं. मग बरं झालं आणि चमकी बसली. मी न्हाणीतल्या बादलीच्या पाण्यात पाहायची. आरसा होता, पण तो दुकानात बाबांच्या डोक्यावर टांगलेला.

चार महिन्यांनी वर्ध्याचं स्थळ आलं. मुलगा शिलाईचं काम करायचा, स्वतःचं मशीन होतं, वडील नव्हते. घरात सत्ता त्याच्या आईची, गंगाबाईची. ती मुलाला न आणता एकटीच आधी मुलगी पाहायला आली. उंच, हाडापेराची बाई, बोलणं कमी. बाहेर बाबांशी बोलली, मग आत आली, मी वाढलेली भाकर आणि पाटवडीचा रस्सा खाल्ला, रस्सा पुन्हा मागून घेतला. मायचा चेहरा खुलला. मग हात धुता धुता गंगाबाईनं विचारलं, "नाक उजवीकडं काऊन टोचलं?"

माय म्हणाली, "आजकाल तशीच पद्धत हाये."

"आमच्याकडं नाई. चांद्याकडून तेलंगी लोक येतेत कामाले, त्याहिच्या बाया टोचतेत उजवीकडं. बाई, वाईट मानू नका, तुमचं मूळ कुठलं?"

हा प्रश्न साधा नव्हता. त्या काळी लग्नाच्या बोलण्यात मूळ विचारलं म्हणजे जातीवर संशय आला असा अर्थ. अशा संशयावर स्थळ मोडायचं, आणि एक मोडलं की दुसरं दारात येत नसे. आजही विचारतात, फक्त आता जरा फिरवून विचारतात. मायनं सांगितलं की मूळबीळ काही नाही, आम्ही इथलेच, पोरीनं सिनेमातल्या बाईचं पाहून टोचलं. कोणत्या सिनेमातल्या, हेही सांगितलं.

गंगाबाई म्हणाली, "तो तर आमच्याकडं आता लागला हाये. मी पाह्यला. तिचं डावीकडं हाये."

"उजवीकडं," माय म्हणाली.

"मंग असं करा, तुमी वर्ध्याले या. संगतीनं पाहू. तुमचं खरं निघालं तर मले काई म्हणायचं नाई."

म्हणजे माझं लग्न एका नटीच्या नाकावर आलं. मायला मात्र काळजी नव्हती. जेवताना तिनं बाबांना सगळं सांगितलं. मूळ विचारल्याचंही सांगितलं, सिनेमाचंही सांगितलं. बाबांचं चित्त दुकानात आलेल्या मालात होतं. म्हणाले, "जाऊन या. पोराले संगं न्या."

मंगळवारच्या पॅसेंजरनं आम्ही गेलो. मी, माय आणि भाऊ. गंगाबाई स्टेशनवर आली होती. खेळ तीनचा होता, म्हणून तिनं आम्हाला आधी हॉटेलात नेलं. मी पहिल्यांदा हॉटेलात गेले. तिथं बायकांसाठी पडदा लावलेली खोली होती, टेबल होतं, खुर्च्या होत्या. माय खुर्चीच्या कडेवर बसली, जसं काही कोणी येऊन उठवणार आहे. मालक दक्षिणेकडचा होता. त्यानं ताटलीबाहेर दोन्हीकडं लोंबणारी, कागदासारखी पातळ, आतून पोकळ अशी वस्तू आणून ठेवली. गंगाबाई म्हणाली, "दोसा." मायनं पोऱ्याला विचारलं, "आतमंदी कोण रांधते?" गंगाबाई म्हणाली, "विचारू नका, गार होईन." मायनं डोळे मिटून पहिला घास घेतला. दुसरा डोळे उघडून घेतला. मी माझा संपवून भावाच्या ताटलीतला मोडून घेतला. एवढं आंबूस, कुरकुरीत, तिखट काही मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. तिथंही रेडिओ होता, आणि कानाजवळ होता, आणि खरखरत नव्हता. सासर मिळो न मिळो, या खोलीत पुन्हा यायचं, असं मी ठरवून टाकलं.

थेटरात बायकांची जागा वर होती. भाऊ खाली बसला. मी पडद्याकडं पाहिलं, मग मागं वळून पाहिलं, मशीन मागं होतं. मी मनात म्हटलं, इथं बायकांना पुरुषांच्या बाजूला बसवतात. अंधार झाला, नावं आली आणि मी ती वाचली. अडखळत नाही, घडाघड वाचली. तीच अक्षरं, मला येत असलेली. मी मोठ्यानं वाचत सुटले तशी पुढच्या बाईनं वळून पाहिलं. काय झालं ते कळायच्या आत पडद्यावरचा म्हातारा जेवायला बसला आणि उजव्या हातानं जेवला. मग ती बाई आली. मान वळवली. चमकी डावीकडं होती.

मी मायचा हात धरला. मला वाटत होतं, ही दुसरी बाई आहे, हा दुसरा सिनेमा आहे, कोणीतरी पुन्हा काढला आहे. गाणी तर तीच होती. घर तेच होतं, पण दार या बाजूला होतं ते त्या बाजूला गेलं होतं. स्वतःच्या घरात शिरावं आणि चूल न्हाणीच्या जागी दिसावी, तसं.

मध्यंतराला दिवे लागल्यावर माय म्हणाली, "याहिनं उलटं लावलं."

गंगाबाईनं विचारलं, "तुमच्याकडं बाया कुठं बसतेत?"

"पडद्याच्या मांगं."

गंगाबाईनं पदराचं टोक ओढलं, विरळ कापडावर बोटानं टिकलीएवढा ठिपका दाखवला आणि कापड फिरवलं. "इकडून पाह्यलं तर डावीकडं. मांगून पाह्यलं तर उजवीकडं. तुमी मांगून पाह्यला बाई." ती हसली नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगते. "मुळाचा काई प्रश्न नाई. पण आमच्या भावकीत मी कोणाकोणाले पदर फिरवून दाखवू? डावीकडं टोचा, उजवीकडचं बुजू द्या. मंग कुंकू लावू."

उरलेला सिनेमा मी पाहिला नाही. डोळे उघडे होते, पण पाहिला नाही.

गाडीत मायनं भावाला विचारलं, "तुले माहीत होतं? मांगून उलटं दिसते म्हणून?"

भाऊ म्हणाला, "सगळ्याले माहीत हाये. मले वाटलं तुमालेबी माहीत असन."

घरी आल्यावर बाबा जेवायला बसले. मायनं भाकर वाढली आणि तोच प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, "हो. त्यात काय? गोष्ट तर तीच असते ना."

मी दारात उभी होते. मला नाकाचं काही वाटलं नाही तेव्हा. गावातले झाडून सगळे पुरुष, सोनार, हॉटेलवाला, माझा भाऊ, माझा बाप, इतकी वर्षं पडद्याच्या त्या बाजूला बसून नीट पाहत होते आणि त्यांना ठाऊक होतं की आम्हाला उलटं दिसतं. कोणी लपवलं नव्हतं. लपवलं असतं तर एक वेळ समजलं असतं. सांगण्यासारखं आहे असं कोणाला वाटलंच नाही. मायनं पुढं विचारलं, बायकांना मागं बसवायचं कोणी ठरवलं. बाबांनी सांगितलं, टॉकीजवाला तर समोरच दोर बांधून अर्धी जागा देत होता, पण गावातल्या चार जाणत्यांनी नको म्हटलं. चारातले एक बाबा.

मायनं तवा उतरवला, चूल विझवली आणि आत जाऊन पडली. बाबांना दुसरी भाकर मी वाढली.

गंगाबाईची अट ऐकून दुसऱ्या दिवशी बाबांनी सोनाराला निरोप पाठवला. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. मी म्हटलं, मी दुसऱ्यांदा टोचून घेणार नाही. बाबा म्हणाले, "स्थळ जाईन." मी म्हटलं, जाऊ द्या. यात मी काही शूरपणा केला नाही. मला त्या पुवाची आणि सुईची भीती वाटत होती, आणि शिवाय माझ्या नाकाचं सगळ्यांनी मिळून ठरवावं याचा राग आला होता. बाबा हात उगारून आले. तेव्हा माय मध्ये उभी राहिली.

"पोरीनं जे पाह्यलं ते केलं," ती म्हणाली. "दुसरं भोक पाडाचंच असन, तर ज्यानं आमाले मांगं बसवलं त्यानं आपल्या नाकाले पाडून घ्यावं."

बाबांचा हात खाली आला. मायनं आवाज चढवला नव्हता. "नाई तर वर्ध्याले जा, अन् तुमीच सांगा त्या बाईले. पोरीची चूक नाई म्हणून सांगा. कोणाची हाये तेबी सांगा."

मुलाच्या घरी, होणाऱ्या विहिणीपुढं उभं राहून मुलीच्या बापानं आपली चूक सांगायची, हे आमच्याकडं कोणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. मुलीचा बाप तिथं हात जोडतो, पण हुंड्यासाठी जोडतो. चार दिवस समोर रेडिओ चालू असायचा आणि मी कान देत नव्हते. पाचव्या दिवशी बाबांनी धुतलेली टोपी घातली आणि दुकान भावावर टाकून स्टेशनवर गेले.

ते दिवस मावळायच्या आत परतले. पाय धुतले, आत बसले. म्हणाले, "पुढच्या महिन्यात कुंकू लावाले येतेत. नाक हाये तसंच राहीन."

मायनं विचारलं, "काय सांगितलं त्याहिले?"

"सांगितलं जे सांगाचं ते."

त्यापुढं त्यांनी कधी काही सांगितलं नाही. मरेपर्यंत नाही. माय त्यानंतर टॉकीजला गेली नाही. मी लग्न होऊन वर्ध्याला गेल्यावर ती माझ्याकडं आली की आम्ही वरच्या जागेवर बसून पाहायचो, आणि आधी दोसा खायचो. पडद्यावर कोणी जेवायला बसलं की मी अजूनही आधी हात पाहते. टीव्हीवरही पाहते. सून हसते, हसू दे.

लग्नाला वर्ष झालं असेल. मी कणीक मळत होते, सासू मिरच्यांची देठं खुडत होती. ती आपणहून म्हणाली, "तुये बाबा आलते त्या दिवशी. खाटेवर बसा म्हटलं तर बसले नाई. म्हणे, बायाहिले मांगं बसवाचं मीच ठरवलं, पोरीचा दोष नाई."

मला एवढं ठाऊक होतंच. मी मळत राहिले.

"मी इचारलं," सासू म्हणाली, "सिनेमातल्या त्या बाईचं नाक डावीकडं हाये हे तुमाले माहीत होतं. मंग पोरीनं उजवीकडं टोचलं, तवाच काऊन नाई सांगितलं? तर म्हणे, मी पाह्यलंच नाई. चार महिने रोज माया ताटात भाकर वाढून राह्यली, अन् तिनं नाक कोणत्या बाजूले टोचलं हे मले तुमी म्हटलं तवा कळलं. त्याहिच्या या बोलण्यावर मी लग्नाले हो म्हटलं. एवढं कोण कबूल करते."

माझे हात कणकेतच थांबले. मी विचारलं, "रडले का?"

"नाई," सासू म्हणाली. "चहा पेले, अन् गाडी कवा हाये ते इचारलं."